शित्झूचे केस नंतर, आधी डोळे

मागच्या अंकात लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि शित्झूवाल्यांची पत्रं येऊन पडली. निम्म्याहून जास्त पत्रं केसांबद्दल. केसांचं सांगणारच आहे, पण नंबराने. माझ्या टेबलावर शित्झू चढवला की मी आधी त्याच्या कपाळावरची झालर मागे सारते आणि डोळे बघते, मालक नवा कट कौतुकाने दाखवत असले तरी. या वेळच्या सदरातही तोच क्रम.

प्रश्न : आमचा शित्झू चार वर्षांचा आहे. काल संध्याकाळपासून उजवा डोळा अर्धवट मिटून घेतो. खातोय, खेळतोय, अजिबात कण्हत नाही. गेल्या वर्षी डोळा लाल झाला होता तेव्हाचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये आहेत, तारीखही उलटलेली नाही. ते घालून दोन दिवस वाट पाहिली तर चालेल ना?

उत्तर : नाही. वाट पाहायची नाही आणि ते ड्रॉप्सही घालायचे नाहीत. तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच हे कळवलं होतं. इथे बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण फ्रिजमधली ती बाटली घरोघरी असते.

शित्झूच्या डोळ्याची खोबण उथळ असते. डोळा मोठा, पुढे आलेला, आणि आडोसा द्यायला समोर नाक नाही. लांब तोंडाचं कुत्रं झुडपात शिरलं तर आधी नाकाला काटा लागतो, याच्या आधी डोळ्याला लागतो. काहींच्या पापण्या झोपेतही पुऱ्या मिटत नाहीत, मग बुबुळाचा मधला भाग रात्रभर कोरडा पडत राहतो. नाकावरच्या घडीचे केस डोळ्याला घासत असतात ते वेगळंच. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जाडीला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर ओरखडा उठला आणि जंतू शिरले, तर एक-दोन दिवसांत आरपार भोक पडू शकतं.

आता 'कण्हत नाही' याबद्दल. बसक्या नाकाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला संवेदनाच कमी असते. दुसरं कुत्रं ज्या जखमेने घर डोक्यावर घेईल, ती जखम घेऊन हे शेपूट हलवत जेवायला येतं. तेव्हा शित्झूच्या बाबतीत 'खातोय, खेळतोय' हा पुरावा धरू नका. डोळा बारीक करणं, सारखी उघडझाप, पंजाने चोळणं, सतरंजीवर तोंड घासणं, बुबुळावर निळसर ढग, यातलं एकही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि ती बाटली. नुसत्या लालीसाठी दिलेल्या ड्रॉप्समध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. घटकांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन छापलंय का ते बघा. स्टेरॉइड लाली झटकन उतरवतं आणि जखम भरणं मात्र रोखतं. वरून डोळा बरा दिसतो, आतला खड्डा खोल होत जातो. जखम नाही याची खात्री झाल्याशिवाय ते डोळ्यात पडता कामा नये.

खात्री करणं अगदी सोपं आहे. फ्लुरोसीनची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवायची, जादा रंग सलाइनने धुवायचा, खोलीतला दिवा बंद करायचा आणि निळा टॉर्च मारायचा. धड कॉर्नियावर रंग टिकत नाही. जखम असेल तिथे टाचणीच्या डोक्याएवढा का होईना, झगझगीत हिरवा ठिपका दिसतो. मी मुद्दाम मालकांना वाकून बघायला लावते. तो ठिपका एकदा पाहिला की फ्रिजमधली बाटली आपोआप कचऱ्यात जाते.

याच ओघात, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगून टाकते. मोठ्या कुत्र्याशी झटापट झाली किंवा मानेची कातडी घट्ट धरून उचललं, तर शित्झूचा डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. आत ढकलायला जाऊ नका. सलाइनने, नसेल तर स्वच्छ पाण्याने तो ओला ठेवा, ओलं स्वच्छ फडकं अलगद धरा, पंजा लागू देऊ नका आणि थेट दवाखान्यात जा. मिनिटं मोलाची असतात.

प्रश्न : आमच्या मादीच्या डोळ्यांत रोज पिवळट, चिकट घाण साठते. रोज पुसते, रोज येते. डोळ्यांखालचे पांढरे केसही तांबूस झालेत. डोळ्यांतून पाणी जास्त येतंय म्हणून असं होतं का? डाग घालवणारी पावडर मिळते, ती द्यावी का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

तांबूस डाग पातळ अश्रूंचे. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, केस सतत ओले राहिले की त्याचा रंग चढतो. दिसायला वाईट, बहुतेकदा निरुपद्रवी. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने दिवसातून दोनदा पुसा, लगेच कोरडं करा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातले केस आखूड ठेवून घ्या. पावडरीच्या भानगडीत पडू नका. अशा काही उत्पादनांत अँटिबायोटिक सापडलेलं आहे, आणि डागासाठी महिनोन् महिने अँटिबायोटिक पोटात घालणं शहाणपणाचं नाही.

मला काळजी त्या चिकट घाणीची वाटते. ती बरेचदा पाणी जास्त असल्याची नव्हे, कमी असल्याची खूण असते. अश्रू आटले की डोळा ओलावा टिकवायला चिकट पदार्थ सोडतो, आणि तोच चिपडांच्या रूपाने साठतो. शित्झूंमध्ये हा कोरड्या डोळ्याचा आजार भरपूर. तपासायला शर्मर चाचणी करतात : कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवून ती किती भिजते ते मोजायचं. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा. औषध आहे, सायक्लोस्पोरिनचं मलम, बहुधा दिवसातून दोनदा आणि बहुधा जन्मभर. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडून देऊ नका. औषधाविना राहिलं तर कॉर्नियावर काळपट थर चढत जातो आणि दिसणं कमी होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, 'शर्मर करून घेऊ.' आणि हे चिपडं पुसायच्या आधी, कारण डोळा धुऊन आणलात तर आकडा फसवा येतो.

प्रश्न : केसांवरून आमच्या घरात रोज वाद. ह्यांचं म्हणणं, उकाड्यात त्याचे हाल होतात, मशीन लावून पूर्ण भादरून टाक. माझं म्हणणं, लांब केस हीच शित्झूची शान. पण खरं सांगायचं तर कानामागे आणि काखेत जटा झाल्यात आणि हात लावला की तो गुरगुरतो. तुम्हीच निकाल द्या.

उत्तर : ब्रश कोण करतं? जो रोज ब्रश करतो त्याचं मत ग्राह्य. कुणीच करत नसेल तर केस आखूड. झाला निकाल.

शित्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात, आणि आत मऊ दुसरा थर असतो. गळालेला केस जमिनीवर पडण्याऐवजी लांब केसांत अडकतो, म्हणून 'याचे केस गळत नाहीत' असं लोक कौतुकाने सांगतात. गळतात हो. तिथेच राहून गुंता करतात. साधारण दहा महिन्यांपासून वर्षभराच्या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात, तेव्हा तर सकाळी विंचरलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. नेमके त्याच काळात लोक हात टेकतात. तो काळ सरला की पुष्कळ सोपं होतं.

ब्रश करताना वरवर फिरवू नका. कुत्र्याला कुशीवर झोपवा, केसांचा थर एका हाताने वर धरा, खालची कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरायचं. केस अगदी कोरडे असतील तर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, नाहीतर ते तुटतात. शेवटी धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत फिरवा. ब्रश गाठीवरून घसरून जातो, कंगवा अडकतो. कंगवा अडकला म्हणजे काम बाकी आहे. कानामागे, काखेत, हार्नेस घासतो तिथे, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली विशेष बघा.

अंघोळ नेहमी विंचरून झाल्यावर. गाठ भिजून वाळली की आणखी घट्ट होते. आणि वाळवायचं कातडीपर्यंत. वरून कोरडा, आत ओला राहिला की खाज आणि दुर्गंधी आलीच.

आता आहेत त्या जटा. घरची कात्री लावू नका. जट घट्ट झाली की कातडी तिच्यात ओढली जाते आणि केस समजून कातडीच कापली जाते. अशा जखमा मी शिवलेल्या आहेत, त्याही काखेतल्या, जिथे टाका धरत नाही. तो गुरगुरतो कारण त्याला खरंच दुखतं. प्रत्येक पावलाला काखेतली कातडी ओढली जाते. या वेळी क्लिपरने मोकळं करून घ्या.

पुढच्या वेळी ह्यांना सांगा, पूर्ण तासायची गरज नाही. दोन-तीन सेंटिमीटर ठेवले की कातडी उन्हात भाजत नाही आणि विंचरणं दहा मिनिटांवर येतं. केस काढले म्हणजे त्याला उकाडा सोसतो हा मात्र गैरसमज. त्याची उकाड्याची अडचण नाकात आहे, खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : आमचं कुत्रं अधूनमधून मान ताठ करून घोरल्यासारखा आवाज काढत श्वास आत खेचतं. गुदमरतंय की काय असं वाटतं. मिनिटभरात आपोआप थांबतं. दम्यासारखं काही आहे का? उकाड्यात फिरायला न्यावं का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही उलटी शिंक वाटते. टाळूमागे काहीतरी हुळहुळलं की असं होतं. गळ्यावरून हलका हात फिरवा, गिळलं की थांबतं. एखादा प्रसंग मोबाइलवर चित्रित करून ठेवा. दवाखान्यात आल्यावर ते कधीच तो आवाज काढत नाहीत.

पण गळपट्ट्याने ओढता का? ओढत असाल तर आजपासून हार्नेस. या जातीत श्वासनलिका मऊ असण्याची शक्यता असते, गळ्यावर ताण नको.

हे वेगळं ओळखा : जागेपणीही सतत घोरघोर, थोडं चालून बसणं, झोपेत दचकून उठणं, जीभ निळसर पडणं. नाकपुड्या समोरून बघा. भोकं उघडी दिसतात की नुसत्या चिरा? चिरा असतील तर छोट्या शस्त्रक्रियेने त्या मोठ्या करता येतात, आणि ते जितकं लवकर तितकं बरं.

कुत्रं धापा टाकून, नाकातोंडातल्या ओल्या पृष्ठभागावरून उष्णता बाहेर टाकतं. शित्झूचा तो पृष्ठभागच तोकडा. फिरणं पहाटे किंवा रात्री, वीस मिनिटंही पुरतात. बंद गाडीत एक मिनिटसुद्धा ठेवायचं नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. उष्णतेने ते ४०-४१ कडे गेलं, धाप थांबेना, लाळ दाट झाली, पाय लटपटले, तर आधी अंगावर नळाचं गार पाणी ओतायला घ्या, पंखा लावा, आणि ओल्या अंगानेच दवाखान्यात आणा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका. टॉवेल गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही शित्झू घेणार आहोत. विकणारे काका म्हणाले की 'इम्पीरियल' नावाची वेगळी जात आहे, ती पर्समध्ये मावते. तीच घ्यावी का? आणि तो घराची राखण करेल का?

उत्तर : राखण? चोर आला तर शित्झू त्याला घर दाखवेल. त्याला दोष देऊ नकोस, त्याचं कामच वेगळं होतं. तिबेट आणि चीनमधल्या लहान कुत्र्यांपासून ही जात चीनच्या राजवाड्यात घडली, माणसांच्या मांडीवर बसण्यासाठी. १९३० मध्ये ते कुत्रे इंग्लंडला पोहोचले, तेव्हा सुरुवातीला त्यांची आणि ल्हासा अप्सोची गल्लत होत होती, मग त्याच दशकात दोन्ही जाती वेगळ्या केल्या गेल्या. अमेरिकेच्या केनेल क्लबने १९६९ मध्ये मान्यता दिली.

'इम्पीरियल' नावाची वेगळी जात नाही. शित्झू एकच. मोठा झाल्यावर साधारण ४ ते सव्वासात किलो, उंची खांद्यापाशी २३ ते २७ सेंटिमीटर. त्याहून फार लहान पिल्लू म्हणजे एकतर अशक्त, नाहीतर लहानात लहान नर-मादी निवडून जन्माला घातलेलं, किंवा नुसतंच वय कमी सांगितलेलं. इतक्या लहान पिल्लांची साखर जेवण चुकलं की झपकन उतरते. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नका आणि त्याची आई बघितल्याशिवाय आणू नका. आई बघायला देत नसतील तर तिथून निघायचं. पिल्लू सारखं पाणी पितं, सारखी शू करतं, भावंडांपेक्षा सुकलेलं दिसतं का, तेही बघ. या जातीत जन्मतः मूत्रपिंडं नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष आढळतो.

आणि तुझ्यासाठी एक काम : चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम त्याच्यासाठी विष आहे. पाच किलोच्या कुत्र्याला तुझा एक घास म्हणजे पुष्कळ असतो. पाहुण्यांनाही तूच अडवायचं.

प्रश्न : वय ७१, घरी मी आणि साडेतीन महिन्यांचा शित्झू. कागदावर शू करायला शिकवतोय, पण बेटा कागद सोडून सगळीकडे करतो. ओरडलो तर सोफ्याखाली जाऊन करतो. जात मठ्ठ आहे का?

उत्तर : मठ्ठ नाही, हट्टी आहे, आणि तुमच्यावर लक्ष ठेवून आहे. ओरडल्यावर त्याने धडा घेतला तो एवढाच, की काकांसमोर करायची नाही. म्हणून सोफ्याखाली.

या वयात तीन-चार तासांपलीकडे धरवत नाही. झोपून उठला, जेवला, खेळून थांबला, की उचलून कागदावर ठेवा आणि झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या, आत जाऊन डबा उघडून आणेपर्यंत नव्हे. खिशात ठेवा. लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा छोट्या कुंपणात किंवा एकाच खोलीत. सगळं घर त्याला इतक्यात कशाला? चुकीच्या जागी केली तर पुसून गप्प बसायचं, आणि अमोनियाच्या फिनेलने पुसायचं नाही, तो वास त्याला लघवीसारखाच वाटतो. एन्झाइमवालं क्लीनर आणा. शित्झूला इतर जातींपेक्षा वेळ लागतो, काही महिने धरून चाला.

प्रश्न : सहा वर्षांचा आहे. कोरडं खाणं तोंडात घेऊन खाली टाकतो, ओलं दिलं की खातो. लाडावलाय, उपाशी ठेवा म्हणतात. ठेवू का?

उत्तर : आधी ओठ वर करून दाढा बघा. आखूड जबड्यातही दात पूर्ण ४२च, म्हणून ते तिरके, दाटीवाटीने उगवतात आणि मध्ये अन्न अडकतं. दाढांवर तपकिरी कीटण, लाल हिरडी, तोंडाला वास असेल तर लाड कसले, दुखतंय त्याला. भूल देऊन दात साफ करून घ्या. बसक्या नाकाच्या कुत्र्याला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणार का आणि पुरतं शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबणार, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारा. नंतर रोज ब्रश, कुत्र्यांच्या टूथपेस्टने. माणसांची चालत नाही.

पिल्लू असणाऱ्यांनी सातव्या महिन्यात तोंड उघडून बघावं. नव्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच उभा असेल तर काढून घ्यावा लागतो.

प्रश्न : मादीला आयुष्यात एकदा तरी पिल्लं झालीच पाहिजेत, नाहीतर ती आजारी पडते, असं सगळे म्हणतात. आमची आता तीन वर्षांची आहे.

उत्तर : सगळे म्हणतात, त्याला आधार नाही. पिल्लं न होण्याने मादी आजारी पडत नाही. या जातीत पिल्लांची डोकी मोठी आणि आईचा कटिभाग लहान, त्यामुळे बाळंतपण अडून सिझेरियन करण्याची पाळी येऊ शकते.

आजाराची भीती असेल तर ती गर्भाशयात पू होण्याची बाळगा. नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा हा धोका वाढतो, आणि एकदा पिल्लं झाली म्हणून तो टळत नाही. पिल्लं नको असतील तर दोन माजांच्या मधल्या काळात नसबंदी उरकून घ्या. तोवर दर माजानंतरचे दोन-अडीच महिने डोळ्यांत तेल घालून बघा : पाणी जास्त प्यायला लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. खालून स्राव दिसेलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर सगळा पू आतच साठतो, आणि वरून ती फक्त थोडी मलूल दिसते.